श्रीरामपूरच्या कौन्सिलला आणि सेनेटला खुले पत्र: सनदेची दोनशे वर्षे साजरी करताना

प्रति,
मा. मास्टर आणि कौन्सिलचे सर्व सदस्य,
मा. रजिस्ट्रार आणि सेनेटचे सर्व सदस्य,
श्रीरामपूर महाविद्यालय (विद्यापीठ),
श्रीरामपूर, जिल्हा हुगळी, पश्चिम बंगाल.

सप्रेम सलाम, विनंती विशेष.

२३ फेब्रुवारी २०२७ रोजी आपल्या सनदेला दोनशे वर्षे पूर्ण होतील. डेन्मार्कचे राजे सहावे फ्रेडरिक यांनी हुगळीकाठच्या एका लहानशा कॉलेजला पदव्या देण्याचा अधिकार दिला, त्या दिवसाची ही द्विशताब्दी. समारंभ होतील, स्मरणिका निघेल, लांबून पाहुणे येतील. ते सगळे व्हायलाच हवे. पण त्या दिवशी नेमके काय मिरवायचे, हे आपण ठरवाल तेव्हा महाराष्ट्रातल्या एका साध्या ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) सभासदाचे म्हणणेही आपल्या कानी पडावे, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवली. अजूनही रविवारी मुलांची संडे स्कूल घेतो. धर्मशास्त्राचा पंडित मी नाही. पण माझ्या भाषेचे आपल्या संस्थेशी जे नाते आहे ते मला ठाऊक आहे, आणि त्या नात्याच्या जोरावरच आपल्याकडे मागणे मागतो आहे.

हे पत्र इतर मराठी मंडळीही वाचतील, तेव्हा थोडी माहिती आधी द्यायला हवी. श्रीरामपूर म्हटले की आमच्याकडे ऊसपट्ट्यातले नगर जिल्ह्यातले गाव डोळ्यांपुढे येते. हे ते नव्हे. हे श्रीरामपूर कोलकात्याच्या उत्तरेला, हुगळीच्या पश्चिम काठावर, बराकपूरच्या समोर आहे. १८४५ पर्यंत ते डेन्मार्कच्या ताब्यात होते आणि सरकारदरबारी त्याचे नाव फ्रेडरिक्सनगर असे होते. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको असत. म्हणून विल्यम केरी १० जानेवारी १८०० रोजी कंपनीचा मुलूख सोडून इथे राहायला आले. डॅनिश गव्हर्नर ओले बी यांनी त्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना आसरा दिला. नॉर्थहॅम्प्टनशरमध्ये जोडे शिवणारे केरी, शाळामास्तर जोशुआ मार्शमन आणि छपाईचे काम जाणणारे विल्यम वॉर्ड, हे तिघे आपापल्या कुटुंबांसह एकत्र राहत, एका पंगतीला जेवत आणि मिळकत एकाच थैलीत टाकत. केरींचा कलकत्त्यातल्या कंपनीच्या फोर्ट विल्यम कॉलेजातला प्राध्यापकाचा पगार, मार्शमन पतिपत्नींच्या शाळांची फी आणि वॉर्डांच्या छापखान्याचे उत्पन्न त्या थैलीत जाई. १८१८ साली काढलेल्या कॉलेजची नदीकडे तोंड करून उभी असलेली ती खांबांची देखणी इमारत मुख्यतः याच कमाईतून उभी राहिली. हन्ना मार्शमन यांचे नाव या हकिकतीत बहुतेक वेळा गळते. मुलींच्या शिक्षणाचे बंगालमधले अगदी सुरुवातीचे काम त्यांनी उभे केले. तिघांच्या तसबिरींशेजारी त्यांची तसबीर असायलाच हवी.

सनदेची गोष्ट तर विलक्षणच. मार्शमन स्वतः कोपनहेगनला गेले, राजाला भेटले आणि सनद मिळवली. डॅनिश राज्यात कोपनहेगन आणि कील या विद्यापीठांना जो मान होता, तो या सनदेने एका वसाहतीतल्या कॉलेजला दिला. त्या वेळी हिंदुस्थानात पाश्चात्य धर्तीच्या दुसऱ्या कोणत्याही कॉलेजला असा अधिकार नव्हता. कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही आपली तीन जुनी विद्यापीठे त्यानंतर तीस वर्षांनी, १८५७ साली निघाली. १८४५ मध्ये डेन्मार्कने आपल्या हिंदुस्थानातल्या वसाहती साडेबारा लाख रुपयांना इंग्रजांना विकल्या, तेव्हाही करारात कॉलेजचे सनदी हक्क शाबूत ठेवल्याचे कलम घालून घेतले गेले. पुढे कला आणि विज्ञानाचे वर्ग कलकत्ता विद्यापीठाला जोडले गेले आणि सनद कितीतरी वर्षे नुसती जपून ठेवली गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्राचार्य जॉर्ज हॉवेल्स यांनी तिच्यावरची धूळ झटकली. १९१५ साली सनदेच्या अधिकाराने धर्मशास्त्राच्या पहिल्या बी.डी. पदव्या दिल्या गेल्या, म्हणजे सनद मिळाल्यावर तब्बल अठ्ठ्याऐंशी वर्षांनी. १९१८ च्या बंगाल सरकारच्या कायद्याने धर्मशास्त्राच्या पदव्यांचा कारभार पाहणारे सेनेट स्थापन झाले.

त्यातून तयार झालेली रचना जगात क्वचितच सापडेल. श्रीरामपूरच्या आवारात शिकणारी बी.ए., बी.एस्सी.ची मुले कलकत्ता विद्यापीठाची पदवी घेतात, आणि त्याच आवारातल्या सेनेटची धर्मशास्त्राची पदवी भारत, बांगलादेश, नेपाळ आणि श्रीलंकेतल्या पन्नासहून अधिक कॉलेजांत शिकणाऱ्यांना मिळते. बंगळूरचे युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज, चेन्नईचे लुथरन गुरुकुल, कोट्टयमचे ऑर्थोडॉक्स सेमिनरी, जोरहाटचे बॅप्टिस्ट कॉलेज, आमच्या पुण्यात बिबवेवाडीला असलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी, सगळी या एका छत्राखाली. बाप्तिस्मा कसा द्यावा, प्रभुभोजन कसे घ्यावे यावरून ज्यांची शतकानुशतके भांडणे झाली, त्यांची मुले एकाच प्रश्नपत्रिकेची उत्तरे लिहितात. पदवीदान समारंभही दरवर्षी एकाच गावी न होता वेगवेगळ्या शहरांत भरतो. ही प्रथा मला फार आवडते. पदवी घ्यायला विद्यार्थ्याने राजधानीत यायचे, ही जगाची रीत. इथे विद्यापीठच विद्यार्थ्यांच्या गावी जाते.

१८३३ साली कॉलेजचे नियम लिहिले गेले, ते आजही मन लावून वाचावेत असे आहेत. जात, रंग किंवा देश यांपैकी कशामुळेही कोणाला प्रवेश नाकारला जाणार नाही, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. कौन्सिलच्या सदस्याला, अध्यापकाला किंवा विद्यार्थ्याला कोणतीही शपथ घ्यावी लागणार नाही, असेही म्हटले आहे. त्याच काळात ऑक्सफर्डमध्ये नाव घालायचे तर चर्च ऑफ इंग्लंडच्या एकोणचाळीस कलमांवर आधी सही करावी लागे. केरी, मार्शमन, वॉर्ड हे बॅप्टिस्ट. त्यांना स्वतःला ऑक्सफर्डची दारे बंद होती. जी दारे आपल्या तोंडावर लागली ती दुसऱ्याच्या तोंडावर लावायची नाहीत, हे केरी आणि मार्शमन यांनी नियमातच लिहून टाकले. प्रोटेस्टंट, रोमन कॅथलिक, ग्रीक, आर्मेनियन अशा कोणत्याही पंथाचा विद्यार्थी चालेल. हिंदू आणि मुसलमान मुलांनाही शिकायला यायची मुभा. पेशवाई बुडून पंधरा वर्षे झाली होती. आमच्याकडे महात्मा फुले सहा वर्षांचे होते. ज्यांच्या आज्याला सार्वजनिक विहिरीवर पाणी भरू दिले जात नव्हते, अशा घरांतली आम्ही माणसे आहोत. "जात आड येणार नाही" हे वाक्य आमच्यासाठी नियमावलीतल्या एका कलमाहून फार मोठे आहे.

आता मुद्द्यावर येतो.

१८१८ सालच्या जाहीरनाम्यात कॉलेजचा हेतू सांगितला आहे: आशियातल्या ख्रिस्ती आणि इतर तरुणांना पौर्वात्य वाङ्मय आणि युरोपीय विज्ञान शिकवणे. संस्कृत आणि अरबी शिकायची, खगोलशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र शिकायचे, आणि हे होता होईल तो इथल्या भाषांतून. अमेरिकेतल्या काही देणगीदारांनी अट घातली, की आमचा पैसा फक्त धर्मशिक्षणाला वापरा, विज्ञानाला नको. श्रीरामपूरकरांना ती अट मुळीच रुचली नाही. विज्ञान न शिकता माणूस चांगला पाळक (पास्टर) कसा होईल, असे त्यांचे म्हणणे. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या जॉन मॅक यांनी १८३४ साली बंगालीत रसायनशास्त्राचे पुस्तक काढले. बंगालीतले ते पहिले. स्कॉटिश मिशनरी अलेक्झांडर डफ यांनी १८३० पासून कलकत्त्यात इंग्रजी माध्यमाचा मार्ग धरला आणि पुढे सरकारही त्याच बाजूला गेले. नोकऱ्या तिथे होत्या, म्हणून मुलेही तिकडेच गेली. श्रीरामपूरची वाट मागे पडली. ती चुकीची होती म्हणून मागे पडली असे मला वाटत नाही. तिच्यामागे सत्ता नव्हती, इतकेच.

या वाटेवर मराठी अगदी सुरुवातीपासून होती. हे महाराष्ट्रातच फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

केरी फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली आणि संस्कृतसोबत मराठीही शिकवत. मराठे तेव्हा कंपनीचे सर्वांत मोठे प्रतिस्पर्धी होते; कंपनीच्या तरुण अंमलदारांना मराठी येणे गरजेचे होते. त्या कॉलेजात मराठीचे मुख्य पंडित होते वैजनाथ. केरी मराठी शिकले ती त्यांच्याकडून. १८०५ साली श्रीरामपूरच्या छापखान्यातून केरींचे मराठी व्याकरण निघाले. त्याच वर्षी बायबलमधले मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापले गेले. १८१० साली मराठी-इंग्रजी कोश आला, १८११ साली नवा करार पूर्ण झाला आणि पुढच्या दशकात जुना करारही आला. १८१४ मध्ये सिंहासनबत्तिशी, १८१५ मध्ये हितोपदेश, १८१६ मध्ये राजा प्रतापादित्याचे चरित्र. हे शेवटचे पुस्तक मूळ रामराम बसू यांचे. बंगाली गद्याच्या पहिल्या छापील पुस्तकांपैकी एक, पंधरा वर्षांनी मराठीत आलेले. मोल्सवर्थचा मोठा कोश १८३१ चा. म्हणजे मुंबईत आणि पुण्यात मराठी गद्याची छपाई अजून बाळसे धरत नव्हती, त्या काळात हुगळीच्या काठावर मराठी छपाईचे खिळे (टाइप) जुळवले जात होते.

आणि हे खिळे कोणते? १८१० चा कोश मोडीत आहे. लेखणीतून झरझर उतरायला घडलेली, एका ओळीत धावणारी मोडी. तिचे अक्षर अक्षर सुटे करून धातूत ओतायचे, म्हणजे लिपीच्या स्वभावाविरुद्ध जायचे. ते काम बंगालमधल्या कारागिरांनी केले. पंचानन कर्मकार हे चार्ल्स विल्किन्स यांच्या हाताखाली बंगाली खिळे पाडायला शिकलेले लोहार. ते श्रीरामपूरला आले आणि त्यांनी छापखान्याला अक्षरे दिली. १८०४ च्या सुमारास ते वारले. मग त्यांचे जावई मनोहर यांनी कितीतरी वर्षे हे काम सांभाळले. मनोहर अखेरपर्यंत हिंदूच राहिले. पवित्र शास्त्राची (बायबलची) अक्षरे त्यांच्या छिन्नीखाली घडली, आणि त्यासाठी त्यांना आपला देव सोडावा लागला नाही. ११ मार्च १८१२ च्या रात्री छापखान्याला आग लागली. कागद, हस्तलिखिते आणि कित्येक भाषांचे खिळे गेले. केरींच्या अनेक भाषांच्या शब्दकोशाचे हस्तलिखितही त्यात गेले. पण पोलादी ठसे आणि साचे राखेत शाबूत सापडले, वितळलेला धातू गोळा झाला आणि काही आठवड्यांतच नवे खिळे ओतायला सुरुवात झाली. मनोहर यांच्यासारखे कारागीर हाताशी नसते तर ते शक्य नव्हते.

ही मराठी निर्दोष होती, असे मी म्हणत नाही. श्रीरामपूरचे मराठी पवित्र शास्त्र महाराष्ट्रात फारसे चालले नाही. मराठी मुलखापासून इतक्या दूर बसून केलेले भाषांतर, बोलीचा कान नाही, चालती भाषा आसपास नाही. ते अवघडलेले वाटणारच. मुंबईच्या अमेरिकन मिशनला सगळे नव्याने करावे लागले आणि १८२६ साली त्यांचा नवा करार आला. शिवाय हिंदू चालीरीतींबद्दल वॉर्ड यांनी जे लिहिले, त्यातला कितीतरी भाग आज वाचताना खटकतो, आणि तो खटकायला हवा. वारसा सांगताना हेही सांगितले पाहिजे. द्विशताब्दीच्या स्मरणिकेत या बाजूला चार पाने मिळाली तर ती स्मरणिका अधिक खरी होईल.

पण अवघडलेल्या मराठीतही एक आग्रह होता: शिकलेल्याने लोकांच्या भाषेत बोलले पाहिजे. आज आमच्या मंडळ्यांत नेमका तोच आग्रह सैल पडलेला मला दिसतो. खेड्यातून एखादा हुशार मुलगा किंवा मुलगी सेमिनरीत, म्हणजे पाळक तयार करणाऱ्या कॉलेजात, जाते. तीन-चार वर्षे इंग्रजीत वाचन, इंग्रजीत निबंध, इंग्रजीत परीक्षा. मग ती जालना किंवा बीडकडच्या एखाद्या मंडळीत पाळक म्हणून रुजू होते. समोर ऊसतोडीहून परतलेली माणसे बसलेली. देवाची कृपा, देहधारण, समेट, नवनिर्मिती, हे सगळे तिने वाचलेले असते, पण इंग्रजीत. मराठीत बोलताना तिच्याजवळ जुन्या पुस्तकांतले चार घट्ट शब्द आणि उपासना संगीत या आमच्या गीतपुस्तकातल्या ओळी एवढेच राहते. नारायण वामन टिळकांनी भजन आणि अभंग घेऊन ख्रिस्त मराठीत आणला. त्यांची पदे आम्ही दर रविवारी गातो. पण त्या वाटेने पुढे चालायला शिकवणारा अभ्यास किती ठिकाणी आहे? प्रवचन ऐकताना म्हातारी माणसे मान डोलावतात आणि घरी गेल्यावर विचारतात, "पाळकसाहेब आज काय म्हणत होते?" हा त्या तरुण पाळकांचा दोष नाही. त्यांना जे हत्यार दिले ते घेऊन ते शेतात उतरले.

सेनेटने याकडे दुर्लक्ष केले, असा माझा आरोप नाही. बी.टीएच.च्या, म्हणजे धर्मशास्त्राच्या खालच्या पदवीच्या, पातळीवर प्रादेशिक भाषांना सेनेटने जागा दिली आहे. माझे म्हणणे असे, की ही जागा वरच्या पायऱ्यांवरही असली पाहिजे. एम.टीएच.चा किंवा डॉक्टरेटचा प्रबंध मराठीत, बंगालीत, तमिळमध्ये, मिझोत किंवा खासीत लिहिणे हे कोणत्याही विद्यार्थ्याला कमीपणाचे किंवा अवघड वाटू नये, अशी व्यवस्था करा. तपासायला माणसे मिळतील. विद्यापीठांतल्या मराठी विभागांत, आमच्याच निवृत्त पाळकांत आणि प्राध्यापकांत ती आहेत. आणि जो इंग्रजीत लिहील, त्यानेही पंचवीस-तीस पानांचा गोषवारा आपल्या भाषेत जोडावा, म्हणजे ज्या मंडळीवर त्याने संशोधन केले त्या मंडळीला तो वाचता येईल. विदर्भातल्या ख्रिस्ती शेतकऱ्यांवर प्रबंध लिहायचा आणि त्या शेतकऱ्याला त्यातले एक वाक्य वाचता येऊ नये, हे १८१८ च्या जाहीरनाम्याच्या वारसांना शोभत नाही.

आता ग्रंथालयाबद्दल. आपल्या आवारातले केरी ग्रंथालय हे माझ्या दृष्टीने संस्थेचा सर्वांत मोलाचा ठेवा आहे. श्रीरामपूरच्या छापखान्याने चाळीसच्या आसपास भाषांत पवित्र शास्त्राचे भाग छापले. बंगाली, ओडिया, असमिया, हिंदी, मराठी आणि संस्कृत या सहांत संपूर्ण पवित्र शास्त्र. शेजारच्या कोकणीतही नवा करार छापला. गावातल्या जुन्या डॅनिश वास्तूंकडे गेल्या काही वर्षांत चांगले लक्ष गेले. १८०६ चे संत ओलाव चर्च डागडुजी होऊन उभे राहिले आणि २०१६ साली त्या कामाला युनेस्कोचे आशिया-पॅसिफिक पारितोषिक मिळाले. डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयाने आणि पश्चिम बंगालच्या वारसा आयोगाने केलेले हे काम पाहून आनंद होतो. विटा आणि चुन्यासाठी जी तळमळ दाखवली गेली, तीच आता कागदासाठी दाखवा, एवढेच मागतो. या सगळ्या भाषांतली श्रीरामपुरी पुस्तके उत्तम प्रतीच्या छायाचित्रांसह, कोणालाही, कोणत्याही गावातून, पैसे न देता वाचता यावीत. याची सुरुवात झाली असेल तर २०२७ पर्यंत ती पूर्ण व्हावी.

मराठीपुरते सांगायचे तर मोडीतला तो १८१० चा कोश सर्वांत आधी घ्या. त्याचे कारण निव्वळ अभिमानाचे नाही. महाराष्ट्रात मोडी शिकणारे पुन्हा वाढत आहेत. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आणि इतरही ठिकाणी वर्ग चालतात, तरुण मुले जुनी दफ्तरे वाचायला शिकतात. हस्तलिखित मोडी वाचताना प्रत्येक कारकुनाचे वळण वेगळे, त्यामुळे नवशिक्या गोंधळतो. छापील मोडीत एक अक्षर सदैव एकाच आकाराचे, आणि शेजारी इंग्रजी अर्थ. मोडी शिकणाऱ्याला याहून चांगले पाठ्यपुस्तक कोणते मिळणार? शिवाय त्यात दोनशे वर्षांपूर्वीचे बोलीतले शब्द नोंदलेले आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, आणि त्याच दिवशी बंगालीलाही दिला. बंगालच्या मातीत छापलेली ही मराठी पुस्तके दोन्ही राज्यांच्या सरकारांपुढे ठेवून निधी मागायला याहून चांगली वेळ येणार नाही.

तिसरी गोष्ट नावांची. "श्रीरामपूरचे त्रिकूट" असे आपण सगळेच म्हणतो. पण पंडित वैजनाथ, फोर्ट विल्यमचे बंगाली पंडित मृत्युंजय विद्यालंकार, रामराम बसू, पंचानन आणि मनोहर यांच्यावाचून ते त्रिकूट काय छापणार होते? केरींनी स्वतः आपल्या व्याकरणात वैजनाथांचे ऋण मानले आहे. कॉलेजच्या मुख्य इमारतीत, सनदेच्या प्रतीशेजारी, या माणसांची नावे त्यांच्या त्यांच्या लिपीत कोरावीत. वैजनाथांचे मोडीत, पंचानन आणि मनोहर यांचे बंगालीत. आणि पदवीदानाच्या वेळी संस्थापकांचे स्मरण करताना ही नावेही मोठ्याने उच्चारावीत. ख्रिस्ती विद्यापीठाने हिंदू पंडितांची आणि लोहारांची आठवण उपासनेत काढली तर कोणाचा विश्वास कमी होत नाही. श्रीरामपूरचे पहिले बंगाली ख्रिस्ती कृष्ण पाल १८०० सालच्या डिसेंबरात बाप्तिस्मा घेऊन, नाव न बदलता, पुढेही कृष्ण पालच राहिले, हे ज्या संस्थेने पाहिले तिला मी हे वेगळे सांगायला नको.

जाता जाता एक लहानसे मागणे. केरींनी श्रीरामपूरला मोठी बाग लावली होती. १८२० साली त्यांनी शेती आणि बागकामाची संस्थाही काढली. त्यांच्या नावावरून वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांनी एका झाडाला नाव दिले, ते झाड म्हणजे आमच्या सह्याद्रीतला कुंभा. जाड सालीचा, वणव्यातही तग धरणारा, उन्हाळ्यात मोठी फुले देणारा. द्विशताब्दीच्या वर्षी आपल्या प्रत्येक संलग्न कॉलेजच्या आवारात एकेक कुंभा लावता आला, तर जिथे हवा मानवेल तिथे तो नक्कीच लावावा.

हे सगळे पैशाविना होणार नाही, माणसांविना तर नाहीच, याची मला जाणीव आहे. मराठीचा भार आम्ही काही अंशी उचलू शकतो. मोडी वाचून देवनागरीत उतरवणारे हात अहिल्यानगर, पुणे, नागपूर, मुंबई इथल्या मंडळ्यांत आहेत. ख्रिस्ती नसलेल्या मोडी-अभ्यासकांतही ते आनंदाने पुढे येतील. आपण कोशाच्या पानांची स्वच्छ छायाचित्रे पाठवली, तर पाने वाटून घेऊन लिप्यंतर करायचे, दोघांनी तपासायचे आणि प्रत आपल्याकडे परत पाठवायची, अशी पद्धत बसवता येईल. त्यासाठी आपल्याकडून एक संपर्काचा माणूस नेमून मिळावा आणि सेनेटच्या येत्या बैठकीत प्रबंधाच्या भाषेचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, ही विनंती. उत्तर इंग्रजीत, बंगालीत किंवा मराठीत, कसेही चालेल.

आपला विश्वासू,
महाराष्ट्रातला एक निवृत्त मराठी शिक्षक आणि मंडळीचा सभासद